गावात रग्बी सुरू करायची असेल तर

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी शारीरिक शिक्षण शिकवते. इथल्या मुलांच्या पायात फुटबॉल आहे, हातात कबड्डी आहे आणि सुट्टीत क्रिकेट आहे. रग्बीचा लांबट चेंडू बहुतेकांनी टीव्हीवरसुद्धा नीट पाहिलेला नसतो. अशा गावात हा खेळ सुरू कसा करायचा, असं मला आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक, क्लबची तरुण मंडळी, अधूनमधून एखादे पालक विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. तुमच्याकडे उंच गोलपोस्ट, हिरवळीचं मैदान आणि बाहेरून आलेला कोच यांतलं काहीच नाही, असं धरून लिहिलं आहे.

बाकी सगळं ज्यावर उभं राहतं ते आधी सांगते. शाळेतली सगळ्यात दणकट आणि सगळ्यात वेगवान पोरं गोळा करू नका. ती आधीच कुणाची तरी असतात: फुटबॉलच्या सरांची, कबड्डीच्या संघाची, वाड्यावरच्या क्लबची. संघनिवडीच्या यादीत ज्यांचं नाव कधीच लागत नाही, पी.टी.च्या तासाला जी आंब्याखाली दप्तरं राखत बसतात, त्यांना बोलवा. यात दया दाखवण्याचा भाग नाही, हिशेब सरळ आहे. फुटबॉलचा खेळाडू तुमच्याकडे आला, तर तालुका स्पर्धा लागली की परत जाईल, आणि जायलाच हवं. झाडाखालची मुलगी मात्र टिकते. तिला मैदानात पहिल्यांदा कुणी तरी नावाने हाक मारलेली असते. दोन वर्षांनी नव्या मुलांना पास शिकवायला तीच उभी राहते. शिवाय या खेळात जाड, बुटका, हडकुळा अशा सगळ्यांना खरंच जागा आहे. जड मुलगा चेंडू धरून दोघांना आपल्याकडे ओढतो आणि हडकुळा त्या मोकळ्या जागेतून निसटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिलं पूर्ण वर्ष अंगाला अंग लावायचं नाही. फक्त टॅग रग्बी. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक फीत लटकते, ती ओढून काढली की टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवणं, झालं. मुलं कुरकुरतील, ‘खरी रग्बी कधी?’ म्हणून विचारतील. ऐकू नका. टॅगमध्ये पास, धाव, रांग आणि मोकळी जागा बघण्याची नजर असं सगळं शिकता येतं, आणि कुणाच्याही घरी भांडण होत नाही.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी फळ्यावर नियम लिहू नका आणि मोबाइलवर सामन्याचे व्हिडिओ दाखवू नका. त्यात मोठाली माणसं एकमेकांवर आदळताना दिसतात, आणि ज्यांना तुम्ही बोलावलंय नेमकी तीच मुलं दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

साधारण वीस पावलांचा चौकोन आखा. प्रत्येकाच्या कमरेला दोन फिती. शिट्टी वाजली की सगळ्यांनी सगळ्यांच्या फिती काढायच्या, आपल्या वाचवायच्या. हा शेपट्या ओढायचा खेळ प्रत्येकाने लहानपणी खेळलेला असतो, त्यामुळे सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. दोन-तीन डाव झाले की निम्म्या मुलांच्या हातात चेंडू द्या: समोरच्या रेषेपलीकडे जाऊन तो दोन्ही हातांनी जमिनीला टेकवायचा, आणि बाकीच्यांनी फिती काढून त्यांना अडवायचं. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की झाला ट्राय. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ. मुलं घामाघूम होतात, हसतात, आणि आपण नवा खेळ खेळलो हे त्यांना नंतर कळतं.

मागे पास द्यायचा नियम दुसऱ्या दिवशी आणा. तेव्हा प्रश्न येणारच: “टिचर, फुडें धांवपाचें आनी बॉल फाटीं दिवपाचो?” शब्दांनी समजावायला जाऊ नका. चार मुलांना तिरक्या रांगेत उभं करा, प्रत्येकजण आपल्या पुढच्याच्या दोन-तीन पावलं मागे आणि बाजूला. सगळ्यांनी चालत निघायचं. पहिला दुसऱ्याला पास देतो, दुसरा तिसऱ्याला. आधी चालत, मग हलक्या धावेने, मग जोरात. मागून वेगात येणाऱ्याच्या हातात चेंडू पडला की तो थांबत नाही, तसाच पुढे निघून जातो. हे एकदा स्वतःच्या अंगात उतरलं की पास मागे का, हे विचारायची गरज मुलांना उरत नाही.

फुटबॉल खेळणारी मुलं सवयीने चेंडूच्या पुढे पळतात किंवा बरोबरीने उभी राहतात. त्यांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगा: मागे राहा, हात दाखव, हाक मार. हात आधीच छातीसमोर तयार हवेत, बोटं पसरलेली. देणाऱ्याने चेंडू दोन्ही हातांत धरायचा, घेणाऱ्याच्या हातांकडे बघायचं, चेंडू अंगावरून आडवा झुलवून सोडायचा, आणि सोडल्यावर बोटं त्याच दिशेला राहायला हवीत. चेंडू गरगरत जाणारा तो ऐटबाज पास आत्ता शिकवू नका. मुलं तो आपणहून शिकतात, फार लवकर शिकतात, आणि मग तोच मारत बसतात.

नियमांचा कागद मी एकाच पानाचा ठेवते, आणि तो असा आहे: “चेंडू हातात घेऊन धाव. समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकव, की ट्राय. पास फक्त मागे किंवा बाजूला. तुझी फीत निघाली, की तीन पावलांत पास दे. फीत काढणाऱ्याने ‘टॅग’ म्हणून ओरडायचं, फीत ज्याची त्याला हातात परत द्यायची, मगच खेळात यायचं. सहा टॅग झाले, की चेंडू दुसऱ्या संघाचा. ढकलणं नाही, हाताने फीत झाकणं नाही, चेंडूला लाथ नाही.” हा कागद उतरवून घ्या आणि शाळेच्या फलकावर लावा. काढलेली फीत फेकून न देता हातात परत द्यायची, या कलमावर मात्र अडून बसा. समोरच्या संघाशी कसं वागायचं ते मुलं तिथे शिकतात.

सामान आणि जागा

सहावी ते आठवीच्या मुलांना चार नंबरचा चेंडू लागतो. तो दहा ते चौदा वर्षांसाठीचा. पाच नंबरचा पूर्ण मापाचा चेंडू पंधराच्या पुढच्यांसाठी. लहान हातांत मोठा चेंडू दिला की मूल तो पोटाशी कवटाळून धावतं आणि पास द्यायचा विसरतं. पाच-सहा मुलांमागे एक चेंडू असला तरी भागतं. वेलक्रोचे पट्टे विकत मिळतात, पण गावातल्या टेलरकडून इलॅस्टिकचे कमरपट्टे शिवून घेतले तरी काम होतं. फितीसाठी जाड कापड, हातभर लांब, दोन संघांना दोन रंग. शर्टाचं टोक फितीवर येऊ देऊ नका. सगळे शर्ट आत खोचलेले हवेत.

मैदान पूर्ण मापाचं म्हणजे शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. ते डोक्यातून काढून टाका. पाच-पाच किंवा सात-सात मुलांच्या टॅगला पन्नास मीटर लांबी आणि तीस-पस्तीस मीटर रुंदी भरपूर झाली. फुटबॉलच्या मैदानाचा अर्धा भाग पुरतो. तो कसा मिळवायचा, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे फुटबॉलचे सर आणि रग्बीच्या बाई यांच्यात तंटा लागला तर रग्बी एका महिन्यात संपेल, हे ध्यानात ठेवा. मैदान त्यांचं आहे असं धरून चला. त्यांच्या वेळा विचारा, त्या सोडून उरलेल्या मागा. सकाळची शाळा दुपारी सुटते. फुटबॉल संध्याकाळी चारनंतर भरतो. थंडीच्या दिवसांत चारच्या आधीचा तास आपल्याला मिळू शकतो. गोलकीपरना आमच्याकडे पाठवा, उंच चेंडू पकडायचा सराव होईल, असं मी फुटबॉलच्या सरांना सांगते, आणि ते खरंही आहे. गोव्यात फुटबॉलसुद्धा बाहेरूनच आला. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी तो शिवोलीत मुलांना शिकवला, आणि शिवोली पेडण्यापासून फक्त शापोरा नदीपलीकडे आहे. शाळेतल्या मुलांपासून सुरू झालेला खेळ आज राज्याचा खेळ आहे. नवीन खेळाला नाक मुरडणाऱ्या मुख्याध्यापकांपुढे हे जरूर सांगा.

आणि कुणी ‘हा साहेबाचा खेळ’ म्हणालं तर कलकत्त्याची गोष्ट सांगा. १८७३ साली तिथे रग्बीचा क्लब निघाला. काही वर्षांत तो बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा करंडक घडवला. त्याच्या कडांना नागाच्या मुठी आहेत, झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून याच कलकत्ता कपसाठी झुंजतात. सातवीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं डोळे मोठे करून ऐकतात.

जागेबद्दल आणखी थोडं. आपल्याकडचं बरंचसं मैदान जांभ्या दगडाच्या मुरमाचं आहे. त्यावर टॅग चालतो, पडणं-पाडणं चालत नाही. गुडघे सोलतात ते महिनाभर भरत नाहीत. भातकापणीनंतर शेतं मोकळी होतात, पण धसकटं टोकदार असतात, अनवाणी पायांना नको. शेत वापरायचंच असेल तर मालकाला विचारून, गुरं चरून गेल्यावर, आणि मुलांच्या रांगेने संपूर्ण जागा वेचून काढल्यावर. बाटलीची काच, तार, खडे सगळं वेचायचं. सराव सुरू करायच्या आधी मैदान वेचणं हा सरावाचाच भाग ठेवा, म्हणजे कुणाला तो जाच वाटत नाही. आखायला फक्की नसेल तर कोन किंवा नारळाची सोडणं ठेवली तरी रेषा दिसते.

पावसाळ्यात काय? चिखलात खेळायला मुलांना अफाट आवडतं आणि रग्बीला चिखल शोभतोही. तरी दोन गोष्टींत मी कडक आहे. वीज कडाडली की सगळे आत. आणि साचलेल्या पाण्यात, गुरांच्या वावरातल्या चिखलात, पायावर जखम असलेल्या मुलाने उतरायचं नाही. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आपल्या पट्ट्यात होतो, त्याच्याशी खेळ नको. खेळून झालं की साबणाने पाय धुतल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. जून-जुलैत मोठा पाऊस असला तर शाळेच्या व्हरांड्यात पास आणि पकड एवढंच करा.

अंगाला अंग लावण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका.

टॅकल शिकवण्याआधी पडायला शिकवा, आणि त्याला आपल्याइतकी चांगली जागा देशात थोड्यांकडेच असेल. मांद्रे, हरमल, केरी, कुठलाही जवळचा किनारा घ्या. सुकतीच्या वेळी पाण्यालगतची वाळू घट्ट असते, तिथे धावायचं. वरची वाळू मऊ, तिथे पडायचं. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची जागा आणि वेळ त्यांनाच विचारा, शॅक आणि पर्यटकांची गर्दी टाळा. मोरजी-आश्वेकडे कासवं अंडी घालतात, वनखात्याने राखलेल्या त्या पट्ट्याच्या आसपासही जायचं नाही. आणि सरावाच्या वेळी पाण्यात कुणी उतरणार नाही, हे निघण्यापूर्वी बजावून घ्या.

पडायचं कसं? चेंडू दोन्ही हातांनी छातीशी घट्ट, हनुवटी छातीकडे. आधी गुडघा, मग कुल्ला, मग खांदा असं जमिनीला लागत जायचं. हात पुढे टेकवायचा नाही. पडताना हात टेकवला की मनगट नाही तर गळ्याचं हाड जातं. आधी गुडघ्यांवर बसून, मग उभ्याने, मग चालताना. पडल्यावर अंग वळवून चेंडू आपल्या संघाच्या बाजूला, हात लांब करून ठेवायचा. मुलं हे पटकन शिकतात. मोठी माणसं शिकत नाहीत.

मग टॅकल, तोही सुरुवातीला गुडघ्यांवरच. दोघेही गुडघ्यांवर, एकाच्या हातात चेंडू. टॅकल करणाऱ्याचे डोळे उघडे, हनुवटी वर, पाठ सरळ. खांदा समोरच्याच्या मांडीला किंवा कमरेला लागतो, दोन्ही हात वेढा घालून आवळतात, आणि डोकं नेहमी समोरच्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. डोकं धावणाऱ्याच्या पुढ्यात कधीही जाता कामा नये. त्याचा गुडघा, त्याचं वजन, सगळं डोक्यावर येतं. हे डोकं कुठे, ते प्रत्येक मुलाचं प्रत्येक वेळी बघा. ज्याचं डोकं पुढे जातंय त्याला त्या दिवशी पुढच्या पायरीवर न्यायचं नाही, तो कितीही चांगला खेळाडू असो. गुडघ्यांवरून उभं, उभ्याहून चालत, चालतावरून हलकी धाव. प्रत्येक पायरीला दिवस जाऊ देत.

कबड्डीतली मुलं इथे पुढे असतात. वेढा, घोट्याची पकड, दोघांनी मिळून धरणं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. पण दोन सवयी मोडायला लागतात. कबड्डीत धरलेला सोडायचा नसतो. रग्बीत तो जमिनीवर पडला की ताबडतोब सोडायचा आणि बाजूला व्हायचं, आणि पडलेल्यानेही चेंडू सोडायचा. दुसरं म्हणजे उचलून आपटणं. रग्बीत माणसाला उचलून डोक्यावर पाडणं हा मोठा गुन्हा आहे, लाल कार्ड मिळतं. खांद्याच्या रेषेच्या वर केलेला टॅकलही नियमाबाहेर. आमच्या मैदानावर आम्ही ती रेषा आणखी खाली, कमरेला ठेवली आहे.

प्रत्येकाच्या तोंडात माउथगार्ड हवा. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचे मिळतात, ते पुरतात. ज्याच्याकडे नाही त्याने त्या दिवशी टॅग खेळायचा. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना रेटणं, शाळेत शिकवूच नका. मानेवर जोर येतो, आणि नीट शिकलेला कोच समोर असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

डोक्याला मार लागला तर काय, ते सरावाला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवं. मूल अडखळतंय, शून्यात बघतंय, डोकं दुखतंय म्हणतंय, उलटी झाली, एकच प्रश्न दोनदा विचारतंय, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याला बाहेर घ्यायचं. विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचा ट्राय कुणी केला? उत्तरं बरोबर आली तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही. घरी एकट्याने पाठवायचं नाही. डॉक्टरला दाखवायचं, आणि सामन्यात परतायच्या आधी कमीत कमी २१ दिवस जाऊ द्यायचे, तेही डॉक्टर हो म्हणाल्यावर. मान दुखतेय किंवा हातापायाला मुंग्या आल्या म्हणत असेल, तर त्याला जागचं हलवायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि मदत येईपर्यंत डोकं स्थिर धरून बसायचं. ‘चल, ऊठ, मर्द हो’ म्हणणारा माणूस कितीही उपयोगी असला तरी त्याला आमच्या मैदानाच्या कडेलाही उभं राहू देत नाही.

वर्ल्ड रग्बीच्या संकेतस्थळावर प्रशिक्षकांसाठी सुरक्षिततेचा आणि डोक्याच्या दुखापतीचा असे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत. मुलांना टॅकल शिकवण्यापूर्वी ते पुरे करा. एका निवांत संध्याकाळी होतात.

घरची माणसं

पालकांना आधी मैदानावर बोलवा, मग संमतीपत्रावर सही मागा. कागद आधी गेला की घरात भीती आधी पोचते. आया विचारतात, “बाई, चेडवाचो हात मोडलो तर?” मुलीचा हात मोडला तर, हा प्रश्न रास्त आहे, त्याला हसून उडवू नका. टॅगमध्ये कुणी कुणाला पाडत नाही, हे डोळ्यांनी बघू द्या. टॅकल कधी सुरू होणार, कोणत्या पायऱ्यांनी, दुखापत झाली तर कोण कुठे नेणार, हे सगळं पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मोकळेपणाने सांगा. ज्या घरातून नाही म्हणतील त्या मुलाला टॅगमध्येच ठेवा. तोही संघाचाच, त्याचं नाव यादीत तेवढ्याच ठळकपणे.

मुलींच्या बाबतीत मी हट्टी आहे. पहिल्या दिवसापासून मुलं-मुली एकत्र टॅग, आणि अंगाला अंग लागायला लागलं की मुलींचा वेगळा गट, मुलांइतकाच वेळ, तेवढेच चेंडू. उरलेल्या वेळात मुली, असं होऊ देऊ नका. देशात हा खेळ मुलींनी किती पुढे नेलाय ते घरच्यांना सांगा. २०१९ च्या जूनमध्ये मनिलाला आपल्या महिला संघाने सिंगापूरला २१–१९ असं हरवलं. पंधरा-पंधराच्या रग्बीतला तो आपल्या महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्याच वर्षी बिहारमधल्या बाढ गावच्या स्वीटी कुमारीची जगातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवड झाली. आमच्या मुलींना बाढ कुठे आहे ते नकाशात शोधायला लावते. तिथे समुद्र नाही, तिथेही फार मैदानं नाहीत.

ओडिशाचं उदाहरणही द्या. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतल्या आदिवासी मुलांच्या शाळेने रग्बी हातात घेतली, आणि २००७ साली तिथल्या चौदा वर्षांखालच्या मुलांनी लंडनमध्ये शालेय स्पर्धा जिंकली. आज ओडिशाच्या मुली देशात आघाडीवर आहेत. एका शाळेतून किती दूर जाता येतं, ते यावरून दिसतं.

सातच का

पंधरा जणांची रग्बी ऐंशी मिनिटांची. ती आत्ता विसरा. सात जणांची रग्बी म्हणजे सेव्हन्स, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, ही छोट्या गावाला झेपते. ट्रायला पाच गुण, त्यानंतरची किक पोस्टमधून गेली तर दोन. पोस्ट नसतील तर किक सोडून द्या, नुसते ट्राय मोजा. सेव्हन्समध्ये जो संघ गुण मिळवतो तोच खेळ पुन्हा सुरू करायची किक मारतो, म्हणजे चेंडू समोरच्यांना मिळतो. नवख्या संघांच्या सामन्यात यामुळे एकाच बाजूचा धुव्वा उडत नाही. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून हीच रग्बी आहे. रिओला पहिलं सुवर्ण फिजीने घेतलं, आणि ते त्या देशाचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक होतं. फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास आहे, गोव्याहून कमी. २०२३ मध्ये गोव्यात भरलेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही सेव्हन्स होती. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सात-सातचीच. ती चेन्नई बुल्सने जिंकली. मुलांना सामना दाखवायचाच असेल तर टॅकलची सवय झाल्यावर हा दाखवा.

देशातला कारभार रग्बी इंडिया ही संघटना बघते. अभिनेते राहुल बोस स्वतः भारताकडून खेळलेले आहेत, पुढे ते तिचे अध्यक्ष झाले. संघटनेशी पत्रव्यवहार लवकर सुरू करा, शाळेच्या लेटरहेडवर, आणि मुख्याध्यापकांच्या सहीने. पण त्या उत्तराची वाट बघत सराव थांबवू नका. प्रमाणपत्रं, निवडचाचण्या, प्रवास हे सगळं पुढचं. मैदानावर पंधरा-वीस मुलं नेमाने येत नसतील तर मान्यता घेऊन करायचं काय?

दुसरा संघ

खेळ वाढण्यातली खरी अडचण इथे आहे, आणि तिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. एका शाळेत रग्बी छान चालते, मुलं शिकतात, आणि वर्षाच्या शेवटी खेळायला समोर कुणीच नसतं. आपापसात किती खेळणार? दुसऱ्या वर्षी मुलं गळायला लागतात. म्हणून पहिल्या वर्षातच, तुमचा संघ कच्चा असतानाच, शेजारच्या शाळेत दुसरा संघ उभा करा. आपले उत्तम तयार होऊ देत, मग बघू, असं म्हणत बसलात तर समोरचे कायमचे हरणारे राहतात आणि सोडून देतात.

त्यासाठी एक पिशवी करा: चार चेंडू, दोन रंगांचे पट्टे आणि फिती, कोन, शिट्टी, आणि तो एका पानाचा कागद. पिशवी महिनाभरासाठी त्या शाळेला द्या. सोबत आपल्यातली दोन मोठी मुलं पाठवा, शक्यतो ती झाडाखालून आलेली. शिकवणारं मूल स्वतःच्या वयाचं असलं की शिकणाऱ्याला लाज वाटत नाही, आणि दोघांपैकी एक मुलगी असली की तिथल्या मुली पुढे येतात. तिथल्या शिक्षकांना व्याख्यान देऊ नका. त्यांच्या हातात शिट्टी द्या आणि फितीचा खेळ घ्यायला सांगा. पिशवी हरवेल, फाटेल, एखादा चेंडू विहिरीत जाईल. तेवढा खर्च धरूनच चाला.

सामन्याचा दिवस ठरवताना गावाचं पंचांग आधी बघा. चवथीच्या आधी-नंतर आठवडाभर कुणी मिळत नाही, शिगम्याला मुलं रोमटात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत असतात, जत्रा आणि कालो हा देवळातला उत्सव गावागणिक वेगळा, आणि फेब्रुवारीनंतर परीक्षा. डिसेंबर-जानेवारीतला शनिवार उत्तम. संघ शाळांप्रमाणे पाडू नका. दोन्ही शाळांची मुलं मिसळून चार संघ करा, प्रत्येक संघ इतर तिघांशी खेळेल, म्हणजे एकूण सहा छोटे सामने. पाच-पाच मिनिटांचे दोन हाफ ठेवले तर सकाळच्या उन्हाआधी आटोपतं. गुणफलकावर शाळांची नावं नसल्यामुळे शिक्षकही शांत राहतात. पाणी, लिंबू सरबत, पेज-भाजी किंवा उसळ-पाव यातलं जे पालकांना झेपेल ते. प्रथमोपचाराची पेटी आणि एक गाडी मैदानाशेजारी उभी हवीच.

त्या दिवशी तिसऱ्या एखाद्या शाळेच्या पी.टी. शिक्षकांना पाहुणे म्हणून बोलवा. भाषण नको, एका सामन्याला त्यांना पंच करा. एक चौकस मुलगी त्यांच्याबरोबर मैदानात ठेवा, जी टॅग मोजेल आणि पुढे गेलेला पास हात वर करून दाखवेल. सामने संपले की पिशवी तिथेच त्यांच्याकडे सोपवा, आणि पुढच्या महिन्यात कुठली दोन मुलं कुठल्या वारी त्यांच्याकडे शिकवायला येतील, ते लगेच लिहून द्या.